अनुच्चारित अनुस्वार

म्हैसूरहून तासाभराच्या वाटेवर, तिरुमकूडलु नरसीपूर तालुक्यात, सोसले नावाचं गाव आहे. कानडीत या नावाचा अर्थ काय, असं मी नणंदेच्या यजमानांना, अण्णांना, विचारलं. "अर्थ कसला? गावाचं नाव आहे ते," असं म्हणून अण्णांनी गाडीचा गिअर बदलला. मराठीत मात्र त्याचा अर्थ होतो, आणि तो चांगला अख्ख्या वाक्याएवढा होतो. सोसणे. सकर्मक धातू, भूतकाळ, नपुंसकलिंग, एकवचन. काय सोसलं ते कळत नाही, कोणी सोसलं ते कळत नाही. पण सोसून झालेलं आहे, एवढं नक्की. चौतीस वर्षं सोलापुरात मुलींना मराठीचं व्याकरण शिकवल्यावर गावाची पाटीसुद्धा पद चालवल्याशिवाय वाचवत नाही. त्या रविवारी मला ती पाटी अंमळ उद्धटच वाटली. माझा अपूर्ण वर्तमानकाळ चालला होता आणि हे गाव भूतकाळात जाऊन निवांत बसलं होतं.

झालं होतं असं. दसऱ्याला म्हैसूरला वन्संकडे जायचं हे नोकरीत असेपर्यंत कधी जमलंच नाही. त्या दिवसांत सहामाहीच्या पेपरांचे गठ्ठे उशाला असायचे. या वर्षी भाद्रपदातच गोलगुंबज एक्सप्रेसमध्ये बसले. बरोबर तीन डाग होते: कपड्यांची बॅग, शेंगाचटणी-कडक भाकरीची पिशवी आणि यांनी बळंच दिलेला पाण्याचा कॅन. शिवाय खोकला. चौथा डाग म्हैसुरात निघाला, छातीच्या एक्स-रेमध्ये.

डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली. "इथे, उजवीकडे वर, एक बारीक ठिपका दिसतोय. बहुधा काही नसेल. पण एक सीटी करून घेऊ." तीन वाक्यं. त्यांतला एकच शब्द माझ्या कानात शिरला: पण. न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्यय. आधीच्या वाक्यात काहीतरी उणं आहे असं जे सुचवतं ते न्यूनत्वबोधक, असं मी मुलींना सांगायची आणि उदाहरणाला आभाळ आलं पण पाऊस पडला नाही, असलं निरुपद्रवी वाक्य द्यायची. दवाखान्यातलं उदाहरण देणं मला कधी सुचलं नाही. सुचलं असतं तर मुली ती व्याख्या जन्मात विसरल्या नसत्या.

ठिपका म्हणजे आमच्या भाषेत अनुस्वार. आयुष्यभर मी लाल शाईने लोकांचे अनुस्वार शोधले. राहिलेले द्यायला लावले, जास्तीचे काढायला लावले, अर्धा अर्धा गुण कापला. आता कोणीतरी माझ्याच पेपरात, नको त्या अक्षरावर टिंब देऊन ठेवलं होतं. आणि एका टिंबाने काय होतं ते मराठीच्या बाईंना कोणी सांगायला नको. चिता आणि चिंता यांत फरक तेवढाच. सुभाषितकारांनी ही कोटी फार पूर्वीच करून ठेवली आहे, तेव्हा तिचं श्रेय काही मला घेता येणार नाही. पण दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ती जणू जगात प्रथम मलाच सुचली.

टिंबांवरून वडील आठवले. ते शेवटपर्यंत जुन्या वळणाने लिहायचे. पत्र मिळालें. वाचून बरें वाटलें. औषध वेळेवर घेतलें. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले आणि हे न उच्चारले जाणारे अनुस्वार एका फटक्यात गेले. मी शाळेत जाईपर्यंत ते पुस्तकांतून साफ झाले होते, वडिलांच्या पत्रांत मात्र ते तसेच होते. मी बी.एड. झाल्याच्या ऐटीत एकदा त्यांना चूक दाखवली. तेव्हा ते म्हणाले होते, "अगं, इतकी वर्षं बिचारे डोक्यावर गप्प बसून होते. कोणाचं काय वाईट केलं त्यांनी?"

शुक्रवारी दुपारी सीटी झाला. यंत्र म्हणजे एक मोठं मेदुवड्यासारखं कडं, त्याच्या भोकातून आपण पाट्यावर आडवे आत-बाहेर जायचं. यंत्रातला आवाज कानडीत सूचना देतो. श्वास घ्यायला सांगतो, रोखायला सांगतो, आणि मग म्हणतो, "बिडी." कानडीत बिडी म्हणजे सोडा. बिडी कामगारांच्या गावाहून आलेल्या बाईच्या फुप्फुसांची तपासणी चालू असताना तिच्या कानाशी अत्यंत मायेने "बिडी" म्हटलं, तर ती हसणार नाही तर काय करणार? मी हसले. काचेपलीकडचा मुलगा धावत आला. हलायचं नाही, मामी. पुन्हा एकदा श्वास, पुन्हा एकदा बिडी.

हे यंत्र ज्याने बनवलं तो गॉडफ्रे हाउन्सफील्ड इंग्लंडमधल्या ईएमआय कंपनीत इंजिनिअर होता. म्हणजे आपल्याकडच्या जुन्या तबकड्यांवर ज्या 'हिज मास्टर्स व्हॉइस'चा कुत्रा बसलेला असायचा, तीच ही कंपनी. हाउन्सफील्डने सुरुवातीचे प्रयोग लेथच्या सांगाड्यावर केले. तेव्हा एका चित्राची मोजमापं गोळा व्हायला नऊ दिवस लागायचे. अख्खं नवरात्र! १ ऑक्टोबर १९७१ रोजी विंबल्डनच्या एका रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या डोक्याचा सीटी निघाला, आणि १९७९ साली त्याला नोबेल मिळालं. ते नऊ दिवसांचं काम आता एका श्वासात उरकतं. यंत्राने आपला वेळ नऊ दिवसांवरून काही सेकंदांवर आणला. माणसांनी मात्र शुक्रवार ते सोमवार एवढा आपला हक्काचा वेळ राखून ठेवला आहे.

काउंटरवरच्या मुलीला अण्णांनी विचारलं, रिपोर्ट कधी? ती म्हणाली, "नाळे बन्नी." उद्या या. मग तिने समोरच्या संगणकात पाहिलं. उद्या शनिवार, रिपोर्ट लिहिणारे डॉक्टर नाहीत. परवा रविवार. "सोमवार बन्नी." मला राग आला. खरं म्हणजे यायला नको होता. छातीच्या शेकडो कापांची चित्रं एकेक करून डोळ्यांखालून घालायची म्हणजे पेपर तपासण्यासारखंच काम. घाईत एखादं टिंब सुटलं तर? मी स्वतः किती वर्गांना शुक्रवारी, निर्विकार चेहऱ्याने, "निकाल सोमवारी" असं सांगितलं असेल. पहिल्या बाकावरची एखादी मुलगी ते ऐकून ओठ चावायची ते मला दिसायचं, पण तिचे शनिवार-रविवार कसे जात असतील याचा विचार मी कधी केला नव्हता. मला तिचेच न संपणारे आशीर्वाद लागले असणार.

गाडीत अण्णा हसायला लागले. म्हणाले, नव्वदीच्या सुमाराला आमच्याकडे 'नाळे बा'चं भूत आलं होतं. रात्री ओळखीच्या आवाजात हाक मारायचं म्हणे, आणि दार उघडलं की माणूस खलास. लोकांनी उपाय काढला: दारावर खडूने 'नाळे बा' लिहायचं. उद्या ये. भूत साक्षर, शिवाय आज्ञाधारक. वाचायचं, परत जायचं आणि दुसऱ्या रात्री येऊन तीच पाटी वाचायचं. कर्नाटकात गावोगाव दारांवर ही अक्षरं दिसायची. आपल्याकडच्या दुकानातल्या 'आज रोख, उद्या उधार'ची ही थोरली बहीण. "आता बघा," अण्णा म्हणाले, "पाटी काउंटरवर लागली आहे, आणि रोज जाऊन वाचणारे आपण." म्हणजे भूत कोण, ते मी विचारलं नाही.

शुक्रवारची रात्र वाईट गेली. पडल्या पडल्या मी मराठी भाषेला दोष देत होते. आपल्या भाषेत जिवाला केवढी वणवण आहे! तो टांगणीला लागतो, मुठीत येतो, कासावीस होतो, खालीवर होतो, कुठे अडकतो, कुठे रमतो, आणि सगळं ठीक झालं की भांड्यात पडतो. टांगणी ते भांडं हे अंतर किती, आणि मधल्या वेळात तो असतो कुठे, याबद्दल वाक्प्रचारांच्या पुस्तकात चकार शब्द नाही. इंग्रजीत या मधल्या जागेसाठी शब्द काढला आहे. ब्रूस फायलर नावाच्या अमेरिकन लेखकाने स्वतःच्या कर्करोगाच्या तपासण्यांच्या अनुभवावरून २०११ साली 'टाइम' साप्ताहिकात 'स्कँग्झायटी' वापरला; स्कॅन आणि अँग्झायटी यांचा सामासिक शब्द. मी रात्री दोन वाजता त्याला मराठी प्रतिशब्द शोधत होते. चित्रप्रतीक्षाभय. छायाचिंता. दोन्ही शब्दांनी भय वाढलंच. शेवटी धाकधूक हा आपला जुनाच शब्द बरा वाटला. त्यात निदान छातीचा ठोका तरी ऐकू येतो.

त्यात यांचे सोलापूरहून फोन. "गुगल करू नकोस," असं मला बजावून यांनी स्वतः सगळं गुगल करून ठेवलेलं. दर फोनमध्ये एक नवा आजार, आणि शेवटी "पण तू काळजी करू नकोस." पुन्हा तोच पण.

पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर भिंतीवर 'कालनिर्णय' लटकत होतं. वन्संना मराठी कालनिर्णय लागतं. दर वर्षी सोलापूरहून त्यांना पाठवायचं काम माझं. मी उगाच पानं उलटत डिसेंबरपर्यंत गेले. मागे नुसती भिंत. पुढच्या वर्षीचं कोण पाठवेल, असं मनात आलं आणि मी घाईघाईने सप्टेंबर होता तसा करून ठेवला, जणू कोणी बघत होतं.

शनिवारी सकाळी वन्संनी माझ्यापुढे पत्र्याची ट्रंक ओढली. म्हैसुरात दसऱ्याला घरोघर बाहुल्या मांडतात, गोंबे म्हणतात त्यांना. पायऱ्या पायऱ्यांची मांडणी, सर्वांत वर लाकडाचे राजा-राणी, पट्टद गोंबे. त्यांना दर वर्षी नवी वस्त्रं. खाली देव, वरात, वाजंत्री, आणि पोट सुटलेला शेट्टी आणि त्याची बायको, पुढ्यात डाळ-तांदळाच्या टोपल्या मांडून. "वहिनी, तू यांची फडकी सोड आणि पुसून ठेव," वन्सं म्हणाल्या. "माना मोडक्या आहेत, जपून." मी म्हटलं, "वन्सं, माझी इथे काय अवस्था आहे आणि तुम्ही बाहुल्या काय पुसायला लावता?" त्या म्हणाल्या, "म्हणून तर."

वन्संच्या या 'म्हणून तर'ला आधार आहे, हे मला त्यांच्या मुलीकडून कळलं. ती बंगळूरला समुपदेशनाचं काम करते. तिने फोनवर सांगितलं, की कॅलिफोर्नियात केट स्वीनी नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाई वाट बघण्याचाच अभ्यास करतात. वकिलीची परीक्षा दिलेल्या २३० जणांना त्यांनी निकालापूर्वीच्या चार महिन्यांत पुन्हा पुन्हा गाठून विचारलं, तुम्ही काळजीचं काय करता? कोणी लक्ष दुसरीकडे वळवत होतं, कोणी सगळं चांगलंच होणार म्हणत होतं, कोणी आधीच वाइटाची तयारी करून बसलं होतं. २०१६ साली निष्कर्ष छापून आला: यातल्या कशानेही काळजी फारशी हटली नाही. मला हे ऐकून फार बरं वाटलं. म्हणजे मी नापास होत नव्हते. अभ्यासक्रमच तसा होता. शिवाय त्यात असंही निघालं, की जे मन लावून काळजी करत बसले त्यांना वाईट निकाल आला तेव्हा तो जास्त नीट पेलवला, आणि चांगला आला तेव्हा त्यांना जास्त आनंद झाला. यांना हे सांगायचं नाही असं मी ठरवलं. सांगितलं असतं तर ताशी दोन फोन आले असते.

त्याच बाईंच्या नंतरच्या कामात बाहुल्यांना मात्र जागा आहे. हातातल्या कामात माणूस बुडाला, वेळेचं भान गेलं, की वाट बघणं सुसह्य होतं. काम फार सोपंही नको आणि फार अवघडही नको. शेट्टीच्या बायकोची मान फेव्हिकॉलने बसवणं हे अगदी त्या मापाचं काम आहे. ती वाळेपर्यंत धरून ठेवावी लागते, आणि एका हाताने ठिपके शोधता येत नाहीत.

भाचीने आणखी एक युक्ती दिली. १९८३ साली थॉमस बोर्कोवेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मांडलेली. दिवसातला अर्धा तास काळजीसाठी राखून ठेवायचा, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी. बाकी दिवसभर काळजी आली की तिला सांगायचं, वेळ झाली की ये. अण्णा पलीकडून ओरडले, "नाळे बा!" खरंच की. कर्नाटकातल्या खेड्यापाड्यांतल्या लोकांना हे शोधनिबंध न वाचता ठाऊक होतं. आम्ही पाच ते साडेपाच ठरवलं, जागा पडवीतला झोपाळा. सोबतीला वन्संही बसल्या. आपल्यालाही काही शिल्लक काळज्या आहेत म्हणाल्या. पाच वाजले. मी डोळे मिटून काळजी करायला लागले तर काही केल्या ती येईना. दिवसभर दारात धरणं धरून बसलेली, आणि आत बोलावलं तर गायब. दहा मिनिटांनी वन्सं म्हणाल्या, "माझी संपली. तुझी?" मग आम्ही उरलेली वीस मिनिटं तूरडाळ कोणती लवकर शिजते यावर बोललो. काळजी नंतर आली, रात्री सव्वादोनला, ठरलेली वेळ चुकल्याबद्दल अजिबात दिलगीर नसलेली.

रविवारी अण्णा म्हणाले, चला, मठाला जाऊन येऊ. अण्णांचं घराणं माध्व, आणि त्यांचा मठ सोसलेचा, व्यासराज मठ. वाटेत नरसीपूरला थांबलो. इथे कपिला कावेरीला मिळते. तिसरी नदी प्रयागाप्रमाणेच गुप्त. १९८९ पासून दर तीन वर्षांनी इथे कुंभमेळाही भरतो. नदीकाठी गुंजा नरसिंहाचं देऊळ आहे. हे क्षेत्र पुण्यात काशीहून गुंजभर जास्त आहे, असा इथला दावा, म्हणून देवाच्या नावातच गुंज. मला हा दावा फार आवडला. दुप्पट नाही, दहापट नाही, गुंजभर. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याचा शहाण्णवावा भाग. काशीशी स्पर्धा करायची तर अशी करावी, सोनाराच्या काट्यावर. एवढासा फरक कोणाच्या लक्षात येतो म्हणा, असं मनात आलं, आणि लगेच छातीतल्या ठिपक्याची आठवण झाली. एवढासा.

सोसलेला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. मठात दर्शन झालं, आणि अण्णांनी मला व्यासतीर्थांची गोष्ट सांगितली. ते इथल्याच मुलखातले, बन्नूरचे. पुरंदरदासांचे आणि कनकदासांचे गुरू. ७३२ मारुती त्यांनी बसवले अशी परंपरा सांगते. म्हणजे समर्थांचे अकरा मारुती घेऊन फिरणाऱ्या आम्हा मंडळींनी इथे जपून बोलावं. विजयनगरात कृष्णदेवरायाच्या पत्रिकेत एकदा कुहूयोग आला. त्या घटकेला सिंहासनावर जो बसेल त्याचा घात. तेव्हा व्यासतीर्थ म्हणाले, तेवढा वेळ मी बसतो. आणि बसले. पुढचं निरनिराळं सांगतात. कोणी म्हणतं नाग आला, कोणी म्हणतं त्यांनी आपली भगवी छाटी सिंहासनावर टाकली ती जळून गेली. घटका टळली, ते खाली उतरले, राजा वर बसला. तेव्हापासून संन्याशाच्या नावाला 'राज' लागलं.

कुहू म्हणजे अमावस्या, हे मला माहीत होतं. कोकिळेच्या आवाजालाही कुहूच म्हणतात. एकाच शब्दात अंधार आणि वसंत. पण माझं लक्ष अडकलं ते नागापाशी. कारण भाचीने आदल्या दिवशी सापाचा एक प्रयोग सांगितला होता. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ४५ माणसांना संगणकावर दगड दाखवायचे. दगडाखाली साप असेल का, ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा दुखरा झटका. कोणत्या दगडाखाली साप असण्याचा संभव किती, ते सारखं बदलत ठेवलेलं. माणसांच्या तळव्याचा घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोजल्या. २०१६ साली निष्कर्ष आला: झटका नक्की बसणार हे ज्यांना कळलं होतं ते त्यामानाने शांत होते. सगळ्यांत जास्त घाम कोणाला? जिथे साप निम्मा आहे आणि निम्मा नाही, तिथे.

व्यासतीर्थांना निदान नाग कधी येणार ते माहीत होतं. शास्त्रीबोवांनी घटका काढून दिली होती. माझा दगड शुक्रवारपासून सोमवारपर्यंत पसरलेला.

आम्ही नदीकाठी बसून पुळियोगरे खाल्ला. वन्संनी केळीच्या पानात बांधून आणला होता. चिंच, गूळ, शेंगदाणे. पानातला चिंचेचा वास आणि कावेरीचं भाद्रपदातलं गढूळ पाणी. मी म्हटलं, "अण्णा, आजकाल दुसऱ्याच्या जागी कोणी बसत नाही."

वन्संनी बोटं चाटली. "मी गेले असते की त्या यंत्रात. पण माझा फोटो तुझ्या फायलीत काय कामाचा?" मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि तू बाहेर बसली असतीस तर त्या काउंटरवरच्या मुलीचं शुद्धलेखन तपासलं असतंस."

हे खरं होतं. शुक्रवारी तिने पावतीवर माझं आडनाव चुकवलं होतं आणि मी ते सांगितलंही होतं. पण बोलण्याचा मुद्दा निराळाच. मी पानातला शेवटचा घास खात होते तेव्हा लक्षात आलं, की शुक्रवारी मी आत असताना त्या बाहेर पाऊण तास बाकावर बसल्या होत्या, आणि बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातातला रुमाल पिळ पिळ पिळलेला होता. मला शनिवारी बाहुल्या पुसायला बसवलं तेव्हा अर्धी ट्रंक त्या स्वतः पुसत बसल्या होत्या. संध्याकाळी पाच वाजता त्यांच्याकडेही शिल्लक काळज्या होत्या. दहा मिनिटांत संपल्या म्हणाल्या खऱ्या.

परत निघताना मी ती पाटी पुन्हा वाचली. वडिलांनी हे नाव कसं लिहिलं असतं? क्रियापद समजून लिहिलं असतं तर सोसलें. डोक्यावर टिंब. बोलताना आपण अजूनही ते टिंब सोडलेलं नाही. सोसलं, झालं, बरं वाटलं. नियमाने लिहिताना काढलं, तोंडात राहिलं.

सोमवारी दुपारी रिपोर्ट आला. अण्णा एकटेच गेले होते. त्यांनी पाकीट उघडलं नव्हतं, हे त्यांनी दोनदा सांगितलं. म्हणजे उघडून, वाचून, काही न कळून परत बंद केलं असणार. डॉक्टरांनी मात्र अर्ध्या मिनिटात वाचला. उजव्या फुप्फुसात, वरच्या भागात, ६ मिलिमीटरची एक गाठ. कडा गुळगुळीत. बाकी सगळं स्वच्छ. "असले ठिपके खूप जणांच्या छातीत सापडतात," ते म्हणाले. "बहुतेक वेळा कधीतरी होऊन गेलेल्या संसर्गाची खूण असते. आपल्या देशात तर क्षय शेजारून जरी गेला तरी खूण ठेवून जातो. तुमचा खोकला वेगळा, तो जाईल."

"म्हणजे काही नाही ना?" वन्संनी विचारलं.

"तसं मी आज लिहून देणार नाही. सहा महिन्यांनी पुन्हा एक सीटी. वाढलेला नसला की झालं."

त्यांच्या बोलण्यात 'पण' नव्हता. मी लक्ष ठेवून होते.

घरी आल्यावर मी ट्रंकेतून अळगुळी मणे काढला. तो खळ्यांचा लाकडी पाट शनिवारीच बाहुल्यांखाली सापडला होता, आणि त्याच्या पिशवीत सोंगट्यांऐवजी लाल-काळ्या गुंजा होत्या, गुलगंजी म्हणतात त्यांना इथे. एक गुंज घेतली आणि अण्णांच्या फूटपट्टीवर ठेवली. सहा मिलिमीटर. जराशी जास्तच, पण सोनारानेही तेवढं सोडलं असतं. मग ती एक्स-रेच्या फिल्मवर, ठिपक्याच्या जागी ठेवून पाहिली. बसली. लाल, तुकतुकीत, एका टोकाला काळा डोळा. किती वर्षं तिथे गप्प बसून असेल, कोण जाणे.

"खेळून झालं की गुंज आठवणीने पिशवीत टाक," वन्सं म्हणाल्या. "विषारी असते ती. आणि शेट्टीच्या बायकोची मान पुन्हा हलतेय."

तेवढ्यात यांचा फोन आला. "काय म्हणाले?"

"मार्चमध्ये या म्हणाले."

"मार्चमध्ये? कोणत्या तारखेला? वार कोणता येतो?"

मी फोन कानाला धरून स्वयंपाकघरात गेले. कालनिर्णयाची पानं डिसेंबरपर्यंत उलटली. मागे भिंत.

"कळत नाही इथे," मी म्हटलं. "पुढच्या वर्षीचं बाजारात आलं की दोन घेऊन ठेवा. एक वन्संना."